आठवीचा इंग्रजी निबंध: मत तपासायचे की तर्क?

सहावी ते आठवीच्या मुलांनी इंग्रजीत लिहिलेला युक्तिवाद कसा वाचावा आणि त्याला गुण कसे द्यावेत, हे या टिपणात पाहू. तुमच्यापैकी काही जण शिक्षक होतील, काही जण धाकट्या भावंडांच्या वह्या तपासतील.

विषय घेऊ: जबलपूरच्या बडा फुहारा बाजारात वाहनबंदी असावी का? नमुन्यासाठी मी रचलेल्या दोन निबंधांचा आशय असा:

पहिला: 'वाहतूक कोंडी ही गंभीर समस्या आहे. मोअरओव्हर, प्रदूषण वाढत आहे. देअरफोर, संपूर्ण बंदी हवी.' इंग्रजी निर्दोष.

दुसरा: 'संपूर्ण बंदी नको. आमच्या दुकानात कापडाचे गठ्ठे टेम्पोने येतात. लोक म्हणतात, गर्दीत चालता येत नाही. ते खरे आहे. म्हणून माल सकाळी दहाच्या आत उतरवावा, नंतर वाहने थांबवावीत.' स्पेलिंग आणि काळ यांच्या अनेक चुका.

सवयीने आपण पहिल्याला जास्त गुण देतो. पहिल्या वर्षाचे प्रयोग-अहवाल तपासताना मीही बरीच वर्षे हेच केले: सुबक भाषा दिसली की निष्कर्ष तपासायचे राहून जाई.

स्टीफन टूलमिन यांनी 1958 साली 'द युजेस ऑफ आर्ग्युमेंट'मध्ये युक्तिवादाचे घटक वेगळे करून दाखवले. त्यांतले तीन इथे पुरेत: दावा, आधार आणि आधाराला दाव्याशी जोडणारा दुवा. पहिल्या निबंधात दुवाच नाही. एका बाजारातली बंदी प्रदूषण कमी करील, की कोंडी शेजारच्या गल्लीत ढकलील? जिथे कारण हवे होते, तिथे 'देअरफोर' हा शब्द उभा आहे.

दुसऱ्यात आधार डोळ्यांनी पाहिलेला आहे, विरोधी बाजू प्रामाणिकपणे मांडली आहे आणि तिच्यामुळे दावा मर्यादित झाला आहे. तोही अपुराच आहे. एका दुकानावरून साऱ्या बाजाराबद्दल बोलता येत नाही. रिक्षाने येणाऱ्या वृद्ध ग्राहकाचे काय, हा प्रश्न राहतोच. पण हे दोष दाखवता येतात, कारण तिथे तपासण्याजोगा तर्क आहे.

'पेपर इंग्रजीचा आहे, भाषेला गुण नकोत का?' हवेतच, पण वेगळे. भाषा आणि तर्क यांचे गुण एकत्र केले, तर जोडशब्द पेरले की काम भागते, एवढेच मूल शिकते.

दुसरा धोका आपल्याच मताचा. पटलेला निबंध सबळ वाटतो. जबलपूरचेच नाव असलेला एक खटला आठवा. आणीबाणीत स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल ए.डी.एम. जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक मतांनी दिला. विरोधात न्या. एच. आर. खन्ना एकटे होते. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. किती जण सहमत आहेत, यावरून तर्काचे बळ ठरत नाही. मग एकट्या परीक्षकाच्या सहमतीवरून कसे ठरेल?

सराव:
1. पहिल्या निबंधात एकच वाक्य घालून हरवलेला दुवा जोडा.
2. तुम्हाला न पटणारा एक निबंध निवडा. त्याला तर्काचे गुण द्या आणि कारण दोन ओळींत लिहा.