वर्धा वऱ्हाडांत कीं वऱ्हाडाबाहेर?

उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीचा विषय निघाला म्हणजे 'वऱ्हाडी कादंबरी' हें विशेषण टीकाकाराच्या लेखणींतून आपोआप उतरतें. आम्हींहि वर्गांत तें अनेक वर्षें वापरलें आहे. परंतु शेळके जन्मले हिंगणघाटास, म्हणजे वर्धा जिल्ह्यांत. आणि वर्धा नदी ओलांडली कीं वऱ्हाड संपलें, असें आपण शाळेंत शिकतों. एकदां आर्वीकडील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मग आम्ही वऱ्हाडी कीं नागपुरी?" त्या वेळीं आम्हीं विषय बदलला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहिलेल्या उत्तराचा प्रयत्न होय.

असे वाद इतरत्रहि होतात. अमेरिकेंत सेंट लुई हें शहर मध्य-पश्चिमेचें कीं दक्षिणेचें, यावर सुशिक्षित माणसें हिरिरीनें भांडतात. आणि जोएल गॅरो या पत्रकारानें १९८१ सालीं तर राज्यांच्या सीमा बाजूस सारून त्या खंडाचीं नऊ 'राष्ट्रें' पाडलीं. त्या वादांतून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. सीमा कोणती, हें ठरविण्यापूर्वीं ती कोणत्या कसोटीनें काढावयाची, हें ठरवावें लागतें.

पहिली कसोटी राज्यकर्त्यांची. नदी ही सीमा सनातन आहे, असें मानणारांनीं अबुल फजलाची 'ऐने अकबरी' पहावी. तींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें पवनार सरकारची गणना आहे. आणि पवनार तर वर्ध्याहून अवघ्या दोन-तीन कोसांवर! म्हणजे अकबराच्या दप्तरांत आमचा हा मुलूख वऱ्हाडांतच होता. नदीची रेघ पक्की झाली ती १८०३ च्या देवगांवच्या तहानें. त्या तहान्वयें नागपूरकर भोसल्यांना नदीच्या पश्चिमेचें वऱ्हाड सोडावें लागलें व तें निजामाकडे गेलें. पुढें १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें, १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें आणि १८६२ त नागपूर जिल्हा तोडून वर्धा जिल्हा निर्माण झाला. १९०३ त दोन्ही भाग एका कारभाराखालीं आले. तरी वर्धा नागपूरच्याच विभागांत राहिला, व आजहि आहे.

दुसरी कसोटी जमिनीची. वऱ्हाडांत रयतवारी, तर नदीच्या अलीकडे मालगुजारी. ती पद्धति १९५१ त संपली. परंतु मालगुजाराचा वाडा, त्याचा दरारा आणि त्याच्या पडझडीच्या गोष्टी या वर्ध्याच्या खेड्यांत जशा ऐकूं येतात, तशा अमरावतीकडे येत नाहींत. या कसोटीनें वर्धा निःसंशय नागपूरकडचा ठरतो.

तिसरी कसोटी शेताची व जिभेची. आणि येथें पारडें उलटतें. भंडारा-गडचिरोलीचा शेतकरी धानाच्या बांधींत उभा असतो. वर्ध्याचा मात्र यवतमाळच्या शेतकऱ्याप्रमाणें कपाशीच्या काळ्या रानांत. हिंगणघाटच्या कापसाचें नांव एके काळीं दूरच्या बाजारांत गाजलें होतें. बोलीचें पहावें तर 'मले', 'तुले', 'जाऊन राहिला' हे प्रयोग दोन्ही तीरांवर सारखेच. आर्वीचा माणूस नदी उतरून कौंडण्यपूरच्या यात्रेस गेला, तर त्याला दुभाष्या लागत नाहीं.

वर्धा शहराची गोष्ट आणखी निराळी. तें १८६६ त पालकवाडी या खेड्याच्या जागीं आखून वसविलेलें गांव. तेथें कापसाचे व्यापारी आले. जमनालाल बजाजांच्या आग्रहानें गांधीजी आले. १९३६ त राष्ट्रभाषा प्रचार समिति आली. या शहराच्या रस्त्यावर हिंदी जितकी सहज ऐकूं येते, तितकी जिल्ह्याच्या खेड्यांत येत नाहीं. म्हणजे जिल्हा एका प्रांताचा, तर त्याचें मुख्य शहर निम्में दुसऱ्याच वळणाचें!

मग 'वऱ्हाडी' हें विशेषण चुकीचें काय? बोलीपुरतें तें बरोबर आहे, असें आमचें मत आहे. आमची तक्रार निराळी आहे. टीकाकार हें विशेषण लावून थांबतो. जणू बोलीचें नांव सांगितलें कीं कादंबरीचें मर्म सांगून झालें. 'धग'मधील कौतिक आजारी नवरा व लेंकरें सांभाळीत दारिद्र्याशीं झगडते. तिच्या बोलण्यांतील 'मले' हा पुणेरी वाचकाच्या गमतीसाठीं घातलेला मसाला नव्हे. दुसऱ्या कोणत्याहि भाषेंत ती बाई आपलें दुःख बोलूंच शकली नसती. प्रादेशिकतेचा शिक्का जेथें असें वाचन सुरू करून देतो तेथें तो उपयोगी. जेथें वाचन संपवितो तेथें घातक.

आणि तो शिक्का सरसकट मारला कीं नदीच्या अलीकडचें जें खास आहे, तेंच प्रथम पुसलें जातें. मालगुजारीच्या छायेंत वाढलेलें खेडें, सूतगिरणीच्या भोंग्यावर उठणारें हिंगणघाट, आश्रमाच्या प्रार्थनेशेजारीं नांगर धरणारें सेवाग्राम, यांचें वाङ्मय अजून पुरतें लिहिलें गेलें नाहीं. तें लिहिणाऱ्या तरुणास 'तूं वऱ्हाडी' किंवा 'तूं नागपुरी' असें आधींच बजावलें, तर तो आपल्या गांवाकडे न पाहतां त्या नांवाच्या ठरीव नमुन्याकडे पाहून लिहूं लागेल.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: बोलीनें व पिकानें तूं वऱ्हाडी आहेस, दप्तरानें व जमिनीच्या इतिहासानें नागपूरकडचा. दोन्ही खरें आहे, आणि यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. लिहावयास बसशील तेव्हां मात्र प्रथम आपल्या गांवाचें नांव लिही. प्रांताचें काय तें टीकाकार मागाहून ठरवितील; आणि आम्हां टीकाकारांस थोडा वेळ लागला तरी कोणाचें फारसें बिघडणार नाहीं.