ठेव एकाची, मत दुसऱ्याचं

प्रूफ ऑफ स्टेकच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. साखळीवर हल्ला करायचा तर आधी टोकन विकत घ्यावी लागतील. खरेदी सुरू झाली की भाव चढेल. हल्ला साधला तर भाव कोसळेल आणि हल्लेखोराचंच भांडवल बुडेल. मग स्वतःचं घर कोण जाळणार? पण यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की टोकनचा मालक आणि मत देणारा एकच असतो. आज आपण तेवढंच तपासू.

2020 सालचं स्टीमचं उदाहरण बघा. या साखळीत टोकनधारक मतं देतात आणि निवडून आलेले 20 प्रमुख 'विटनेस' कारभार चालवतात. फेब्रुवारीत ट्रॉनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट ही कंपनी घेतली. कंपनीकडे टोकनांचा मोठा साठा होता. तो मतदानात उतरेल या भीतीनं विटनेसनी तो गोठवला. मार्चमध्ये बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांकडून मतं पडली आणि विटनेसचं अख्खं मंडळ बदललं. ही मतं ग्राहकांनी ठेवलेल्या टोकनांची होती! बायनान्स आणि हुओबीनं पुढे मतं मागे घेतली. पण तोवर विश्वास उडाला होता. 20 मार्चला समुदायातल्या मोठ्या गटानं हाइव्ह ही वेगळी साखळी सुरू केली.

म्हणजे या मतांसाठी कुणी बाजारातून टोकन घेतली नाहीत, प्रोटोकॉलचा नियमही मोडला नाही. कुंपणानंच शेत खाल्लं.

कुणी म्हणेल, इथेरियमची रचना वेगळी आहे, तिथं स्लॅशिंग आहे. बरोबर आहे. परस्परविरोधी मतं देणाऱ्या व्हॅलिडेटरचं भांडवल तिथं कापलं जातं. पण ते भांडवल संस्थेमार्फत ठेवलेलं असेल, तर झळ आधी ठेवीदाराला बसते. शिवाय एक तृतीयांशाहून जास्त भांडवल नुसतं गप्प बसलं, तरी ब्लॉक अंतिम होणं थांबतं. त्याला स्लॅशिंग लागत नाही. निष्क्रियतेचा दंड हळूहळू बसत जातो.

म्हणून आम्हाला वाटतं, की हल्ल्याचा खर्च किती, एवढा हिशेब मांडून सुरक्षितता ठरत नाही. भांडवलाच्या चाव्या किती जणांच्या हातात आहेत, हेही प्रत्येक साखळीला विचारायला हवं. आणि तुमची टोकन एक्स्चेंजवर असतील, तर तुमच्या नावानं मत कोण देतंय, हे आधी बघा.