धारावीचे ‘मॉडेल’ की महापालिकेची कबुली?

१० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इटली, स्पेन आणि दक्षिण कोरिया यांच्या जोडीला धारावीचे नाव घेतले. साथ हाताबाहेर गेल्यासारखी वाटली तरी ती आटोक्यात आणता येते, याचे उदाहरण म्हणून. ज्या वस्तीचे नाव या शहराने आजवर नाकाला रुमाल लावूनच घेतले, तिचे नाव जगाने आदराने घेतले. आनंद व्हावा अशीच ही घटना. परंतु त्यानंतर जे लिहिले गेले, बोलले गेले, ते वाचताना माझा आनंद ओसरत गेला. वस्ती मागे पडली आणि ‘मॉडेल’ पुढे आले. श्रेय कुणाचे यावर राजकीय पक्षांत आणि संघटनांत वाद झडले, अधिकाऱ्यांच्या मुलाखती छापून आल्या. त्या संघटनेच्या प्रमुखांनी तपासणी आणि विलगीकरणाबरोबर लोकसहभागावर भर दिला होता. आपल्याकडे मात्र लोक फक्त मोजले गेले.

या मॉडेलची चिकित्सा मला येथे करायची आहे. विरोधासाठी विरोध हा माझा हेतू नाही. म्हणून जे चांगले झाले ते आधी मान्य करतो.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला आणि त्याच दिवशी दगावला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे राहतात तेथे आता प्रेतांचा खच पडणार, असे भाकीत अनेकांनी केले. ते खोटे ठरले. महापालिकेने रुग्णांची वाट पाहिली नाही, ती रुग्णांकडे गेली. खाजगी डॉक्टरांना बरोबर घेऊन तापाची शिबिरे भरवली. शाळा आणि क्रीडासंकुले विलगीकरणासाठी उघडली. सार्वजनिक शौचालयांची दिवसातून अनेकदा फवारणी केली. पुढे खाटांचे वाटप एका मध्यवर्ती फोनवरून काढून २४ विभागांच्या नियंत्रण कक्षांकडे सोपवले. राज्य सरकारने मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन त्यांचे दर बांधले. मे २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या प्रश्नावर मुंबईकडून शिका, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला सांगितले. हे सर्व खरे आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु मुळात प्रश्न असा की, ही उपाययोजना धारावीत का करावी लागली? इतर ठिकाणी ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय आहे, त्या सौम्य लक्षणाच्या रुग्णाला घरीच राहण्याची मुभा होती. धारावीतल्या माणसाला शाळेच्या वर्गात नेऊन ठेवावे लागले, कारण त्याच्या घराला घर म्हणता येत नव्हते. शौचालयांची फवारणी करावी लागली, कारण महापालिकेच्याच सांगण्याप्रमाणे तेथील सुमारे ८० टक्के लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून होते. म्हणजे मॉडेलची प्रत्येक पायरी ही एकेक कबुली आहे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहू शकत नाहीत, ही कबुली. एका संडासावर शंभर माणसे जगू शकत नाहीत, ही कबुली. सरकारी दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर हवा आणि डॉक्टरने वस्तीत आले पाहिजे, ही कबुली. दलित-श्रमिकांच्या चळवळी जे वर्षानुवर्षे मोर्चे काढून सांगत होत्या, ते महापालिकेने दोन महिन्यांत कृतीने मान्य केले. साथ ओसरली आणि कबुली मागे घेतली गेली. शाळेचे वर्ग रिकामे झाले, माणसे पुन्हा त्याच खोलीत गेली. उरले ते मॉडेल.

या कबुलीला आकड्यांचाही आधार आहे. जुलै २०२० मध्ये निती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी केली. धारावी त्यांत नव्हती. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे आढळली, तर इमारतींत राहणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांच्या. एकच शहर, एकच महापालिका, एकच टाळेबंदी. तरीही एका बाजूला ५७ आणि दुसऱ्या बाजूला १६. पांढरपेशा वाचकांनी हे आकडे वाचून ‘झोपडपट्टीत सामूहिक प्रतिकारशक्ती आली’ असा दिलासा काढला! आकडा सांगत होता तो निराळाच अर्थ. या शहरात अंतर ही जमिनीसारखी मालमत्ता आहे. ज्याच्याकडे चौरस फूट आहेत त्याच्याकडे अंतर आहे. बाकीच्यांना ते पाळण्याचा फक्त हुकूम आहे.

आणि हुकूम कोणत्या शब्दांत आला तेही पाहिले पाहिजे. ‘सामाजिक अंतर पाळा.’ हे शब्द बसथांब्यांवर, रेशन दुकानांवर, दवाखान्यांच्या दारांवर लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २० मार्च २०२० लाच ‘शारीरिक अंतर’ म्हणणे अधिक योग्य, असे सांगितले होते. मराठीत ती दुरुस्ती फारशी रुजली नाही. का रुजावी? या समाजाला हजारो वर्षांच्या सवयीने जो शब्द कळतो तोच त्याने उचलला. सावली पडू नये, पाणी वरून ओतावे, वस्तू खाली ठेवून मागे सरावे, हे सगळे सामाजिक अंतरच होते. त्याला कोणत्याही विषाणूची गरज लागली नव्हती. काही सुशिक्षितांनी तर त्या दिवसांत सोवळे-ओवळे कसे शास्त्रीय होते, याचे निरोप एकमेकांना पाठवले. माझ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांकडून असे निरोप मलाही आले. पाठवणाऱ्याला त्यात काही गैर वाटले नव्हते. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी त्यांच्यात बसतो, तेव्हा माझ्या आजोबांनी ते शास्त्र कोणत्या बाजूने भोगले, हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

त्याच काळात मी मोबाइलवरून तास घेत होतो. बस्तीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी विचारले, घरात काळजी घेता ना? तो म्हणाला, “सर, आमच्याकडं अंतर ठेवायचं म्हणजे एकानं बाहेर उभं राहायचं. आणि बाहेर उभं राहिलं की पोलीस मारतात.” टाळेबंदीवर इतकी नेमकी टीका मी कोणत्याही अग्रलेखात वाचली नाही.

इतिहासाकडे वळल्याशिवाय ही चिकित्सा पुरी होत नाही. ज्या कायद्याच्या आधारे २०२० मध्ये महापालिकेला विशेष अधिकार मिळाले तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. प्लेगसाठी केलेला. त्या प्लेगमध्ये लाखो लोक मुंबई सोडून पळाले. तेव्हा राज्यकर्त्यांना एक मोठी धास्ती होती, ती हलालखोर म्हणजे मैला वाहणारे लोक निघून जातील याची. शहर कोणाच्या डोक्यावर उभे आहे, हे साथ आली की सरकारला बरोबर कळते. त्या साथीनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने अस्वच्छ म्हणून वस्त्या पाडल्या, पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्यांच्या मानाने बांधलेली घरे अपुरी होती. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत पुढे बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली.

त्याच प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः त्याच रोगाने गेल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांनी प्लेग म्हणजे रँडचा जुलूम आणि चापेकरांची गोळी एवढाच शिकवला. घरात शिरलेल्या सोजिरांमुळे विटाळलेले देवघर मराठी इतिहासाला आठवले. पाठीवरचे पोर आठवायला फार वर्षे लागली. साथीच्या काळात अंतर मोडणारी बाई हा खरा आदर्श. तो ‘मॉडेल’ म्हणून कोणी मांडला नाही.

१८९७ ची धास्ती २०२० मध्ये ‘कोविड योद्धा’ या पदवीच्या रूपाने परत आली. मुंबईचा कचरा उचलणारे कामगार बहुसंख्येने दलित आहेत, हे काही गुपित नाही. टाळेबंदीत सगळे शहर घरात असताना ते रस्त्यावर होते. बाधितांच्या घरचा कचरा त्यांनीच उचलला. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. परंतु योद्धा म्हटले की मरण गृहीत धरता येते. कामगार म्हटले की हातमोजे, पगार, कायम नेमणूक आणि नुकसानभरपाई यांचा हिशेब द्यावा लागतो. कंत्राटी सफाई कामगारांना वर्षानुवर्षे ‘स्वयंसेवक’ ठरवून त्यांचे कामगारपणच नाकारण्याची युक्ती या शहरात वापरली गेली. २,७०० जणांना कायम करावे, हा निकाल मिळवण्यासाठी त्यांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये म्युनिसिपल कामगार संघ काढला तो याच माणसांसाठी. पदव्या वाटण्यासाठी नव्हे, हक्कांसाठी.

मराठी साहित्यानेही या परीक्षेत फारसे गुण मिळवले नाहीत. टाळेबंदीच्या काळात अनेकांना घर नव्याने सापडले, बाल्कनीतले पक्षी सापडले, पत्नीच्या हातचा चहा सापडला. त्यावर कविता झाल्या. या कवितांना मी खोट्या म्हणत नाही, त्या सोळा टक्क्यांच्या आहेत. सत्तावन्न टक्क्यांचे शहर ‘गोलपिठा’ने १९७२ मध्ये आणि ‘बलुतं’ने १९७८ मध्ये मराठीत आणून ठेवले होते. दया पवारांच्या कावाखान्यातली दाटी ज्यांनी वाचली होती, त्यांना खोलीत माणसे कशी राहतात हे कळण्यासाठी साथीची वाट पाहावी लागली नसती. त्या पुस्तकांना पुरस्कार देणाऱ्या समाजाने ती पुरावा म्हणून कधी वाचलीच नाहीत.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. कोविडच्या खर्चाची तपासणी करण्याची वेळ आली तेव्हा महापालिकेने पुढे केला तो हाच १८९७ चा कायदा. परक्या सरकारने प्रजेला जाब द्यावा लागू नये म्हणून केलेला कायदा आपल्या निवडलेल्या संस्थेला ढाल म्हणून उपयोगी पडावा, यावर वेगळे भाष्य नको. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडेच राहिला. विचारणारेही सभागृहात नव्हते.

आणि दरम्यान, नोव्हेंबर २०२२ मध्ये धारावीच्या पुनर्विकासाची निविदा एका बड्या उद्योगसमूहाला मिळाली. हा प्रकल्प राज्य सरकारचा, महापालिकेचा नव्हे, हे खरे. पण वस्ती तीच आहे. तिथे माणूस पात्र की अपात्र हे १ जानेवारी २००० या तारखेवर ठरते. त्यानंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर घर दाखवले जाते, तेही भाड्याने वा पैसे भरून. एप्रिल २०२० मध्ये दारोदार ताप मोजताना कोणी २००० सालचा पुरावा मागितला होता काय? माळ्यावर राहणाऱ्याचा ताप मोजायचा नाही, असे कोणी म्हटले होते काय? तेव्हा सगळेच धारावीकर होते, कारण त्यांचा रोग शहराला लागू शकत होता. त्यांचे घर शहराला लागत नाही. म्हणून घराच्या वेळी कागद लागतो.

तेव्हा कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच की, ‘मॉडेल’ हा शब्द ज्यांना मिरवायचा आहे त्यांना मिरवू द्या. आपण कबुली लिहून ठेवू. आपापल्या वस्तीत २०२० मध्ये कोणते शौचालय किती वेळा धुतले गेले आणि आज किती वेळा धुतले जाते, कोणत्या शाळेत किती माणसे ठेवली गेली आणि ती कोणत्या खोलीत परत गेली, कोणता सफाई कामगार गेला आणि त्याच्या घरी काय पोचले, याची नोंद त्या त्या माणसांच्या तोंडून घेऊ. दोन महिन्यांत जे करता आले ते कायमचे का करता येत नाही, हा प्रश्न त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर असावा. पुढची साथ येईल तेव्हा महापालिका पुन्हा आपल्या दाराशी येईलच. त्या वेळी ही वही आपल्या हातात असली पाहिजे.