उंदराच्या मेंदूची एमआरआय प्रतिमा : पुरावा आणि मर्यादा

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन हा मूलतः भौतिकशास्त्राचा विषय होय. इथेनॉलच्या रेणूतील हायड्रोजनचे वेगवेगळे संकेत १९५१ मध्ये ज्या तिघांनी प्रसिद्ध केले, त्यांतील एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शाखेचा पाया घातला. १९७३ मध्ये लॉटरबर यांनी अशा संकेतांपासून प्रतिमा मिळवली. त्यातून विकसित झालेले एमआरआय तंत्र आज प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूविकारांच्या अभ्यासातही वापरले जाते. मात्र तेथे मिळणाऱ्या प्रतिमेस रोगाचे छायाचित्र मानण्याची प्रवृत्ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

मानवी मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, तर उंदराच्या मेंदूचे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. एक मिलिमीटर बाजूच्या घनाऐवजी ०.१ मिलिमीटर बाजूचा घन घेतल्यास त्यातील पाणी, आणि पर्यायाने संकेत, एक हजारांश उरतो. ही तूट भरून काढण्यासाठी ७ किंवा ९.४ टेस्लाचे चुंबक व दीर्घ मापनकाळ लागतो.

अल्झायमरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. उंदरास हा रोग निसर्गतः होत नाही. म्हणून मानवी जनुक घालून मेंदूत अ‍ॅमिलॉइडचे साठे निर्माण होणारे उंदीर तयार करण्यात आले. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जिवंत उंदरांत ९.४ टेस्लावर असे सूक्ष्म साठे काळ्या ठिपक्यांच्या रूपात दाखवले. परंतु तसा ठिपका सूक्ष्म रक्तवाहिनीमुळेही उमटू शकतो. तो साठाच आहे, हे त्याच मेंदूच्या रंजित छेदाशी ताडून पाहिल्यावरच निश्चित होते. शिवाय अशा अनेक उंदरांत साठे आढळले, तरी मानवी रोगातील चेतापेशींचा व्यापक नाश आढळत नाही. प्रारूपातील ही उणीव प्रतिमेच्या स्पष्टतेने भरून निघत नाही.

या तंत्राचे खरे सामर्थ्य निराळेच आहे. छेदपद्धतीत रोगाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे प्राणी मारावे लागतात. एमआरआयमुळे एकाच प्राण्याचा मेंदू अनेक महिने पुनःपुन्हा पाहता येतो. त्याची तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी होते आणि प्राण्यांची संख्याही घटते.

सारांश, अशा संशोधनाचे मूल्यमापन चित्राच्या सुबकतेवरून न होता छेदांशी केलेली पडताळणी, निरीक्षणांचे सातत्य आणि मानवी रोगाशी असलेले साम्य या निकषांवर व्हावयास हवे. त्यासाठी भौतिकशास्त्र व प्राणिशास्त्र या दोन्ही विभागांनी असे शोधनिबंध एकत्र वाचणे अगत्याचे ठरते.