शिकायचं कुणी, यंत्राने की आपण?

१९९३ साली ॲपलचं न्यूटन आलं. आपण आपल्या वळणाने लिहायचं, ते वाचेल, असा त्याचा दावा. वाचण्यात चुका इतक्या की त्याची थट्टाच झाली. १९९६च्या पाम पायलटने उलट अट घातली: ग्राफिटी ही लिपी आपणच शिकायची, इंग्रजी ‘ए’ची आडवी रेघसुद्धा गाळायची. अनेकांनी ती शिकूनही घेतली. त्याचे कर्ते जेफ हॉकिन्स आधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडले होते. म्हणजे आकार माणसाच्या खिशाने ठरवला, अक्षराचं वळण मात्र यंत्राने. तरी आम्हांला हा सौदा प्रामाणिक वाटतो. काय सोडायचं, ते आधीच सांगितलेलं होतं. साधन घेताना आपण किंमत विचारतो. आपली कोणती सवय ते मोडणार, हे विचारतो का?