सळईवरचा रूबेन

"काका, आज रूबेन. पण सळईवर!" न्यू जर्सीतल्या पुतण्यानं परसात शेगडी पेटवत जाहीर केलं.

रूबेन म्हणजे अमेरिकन डेलीतलं नामांकित सँडविच. राय ब्रेड, कॉर्न्ड बीफ, स्विस चीज, आंबवलेला कोबी आणि रशियन ड्रेसिंग. ते पहिलं कुणाचं, यावर न्यूयॉर्क आणि ओमाहा अजून भांडतात. 'कॉर्न्ड'मध्ये मी पूर्वी मका शोधला होता. निघाले मिठाचे खडे! त्या खाऱ्या पाण्यात मांस काही दिवस मुरतं, मग तासन्‌तास मंद शिजतं, तेव्हा कुठे मऊ पडतं.

पुतण्यानं ताज्या मांसाचे तुकडे नि पावाचे चौकोन सळईत ओवले आणि दहा मिनिटांत उतरवले. मांस चविष्ट होतं, नाही कशाला म्हणा! पण कोबी बशीत, चीज निखाऱ्यांवर, ड्रेसिंग वाटीत. मंडळी सगळी हजर, पण एका छपराखाली कुणी नाही. मिसळीतली उसळ, फरसाण नि कट वेगवेगळे वाढले तर तिला मिसळ कोण म्हणेल?

"कसं झालंय, काका?"

मी सळई मोकळी केली, सगळे जिन्नस गोळा करून उरलेल्या दोन पावांत दाबले आणि म्हणालो, "आता झालं बघ!"