दोन वर्षांचे गणित : मराठवाड्यातील एम.एस्सी.ची एक चिकित्सा

कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेले की चाळीसगावजवळ पाटण लागते. तेथील देवळात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापल्याची नोंद या लेखात आहे. या लेखाचा उल्लेख आपण बहुधा अभिमानाने करतो आणि तिथेच थांबतो. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. उच्च गणिताला जागा लागते, आश्रय लागतो आणि ‘येथे नेमके काय शिकायचे’ याचे स्पष्ट उत्तर लागते. मठाकडे ते होते. आजच्या एम.एस्सी. गणिताकडे ते आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

निजामी राजवटीत मराठवाड्यातील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. १९१८ साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. गणिताची पाठ्यपुस्तकेसुद्धा तेथील भाषांतर विभागाने उर्दूत आणली होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांची जबाबदारी येथील विद्यापीठावर आहे.

या विद्यापीठाच्या गणिताला आरंभीच एक दिशा मिळाली. व्ही. लक्ष्मीकांतम् हे उस्मानियाचे पीएच.डी. अमेरिका-कॅनडातील संस्थांत काम करून ते परतले आणि १९६४ ते १९६६ या काळात येथे गणित विभागाचे प्रमुख होते. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले. एस. लीला यांच्यासह त्यांनी लिहिलेला अवकल व समाकल असमानतांवरचा द्विखंडी ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा येथील मुक्काम अवघा दोन वर्षांचा, म्हणजे एका एम.एस्सी.च्या तुकडीएवढा.

या विषयाची पुढची वाट येथेच रुंद झाली, ती बाबुराव गोविंदराव पाचपट्टे यांच्यामुळे. त्यांचे काम समजण्यासाठी सावकाराचे कर्ज डोळ्यांपुढे आणावे. कर्ज ज्या वेगाने वाढते तो वेग शिल्लक रकमेच्या ठरावीक पटीहून जास्त नसेल, तर एकूण कर्ज चक्रवाढीच्या हिशेबापलीकडे जाऊ शकत नाही. रोजचा नेमका हिशेब ठाऊक नसला तरी ही कमाल मर्यादा सांगता येते. ग्रोनवॉल (१९१९) आणि बेलमन (१९४३) यांच्या असमानतेचे मर्म हेच. पण वाढीचा वेग केवळ आजच्या शिल्लकीवर नव्हे, तर आजवर साचलेल्या सगळ्या रकमांच्या बेरजेवरही अवलंबून असेल तर? पाचपट्टे यांनी १९७३ साली पाच पानांच्या टिपणात याचे उत्तर दिले. भूतकाळाचा भार वाहणाऱ्या समीकरणांच्या अभ्यासात ती असमानता आज त्यांच्याच नावाने वापरली जाते. या विषयावरचे त्यांचे मोठे ग्रंथ १९९८ आणि २००५ साली परदेशी प्रकाशनसंस्थांनी काढले.

हा इतिहास मी गौरवासाठी सांगत नाही. त्यात एक शैक्षणिक धडा आहे : गणिताची परंपरा विषयांच्या यादीतून नव्हे, एका प्रश्नाभोवती उभी राहते. ‘समीकरण सुटत नसेल तरी उत्तराविषयी काय सांगता येईल?’ हा तो प्रश्न होता.

आता पदवीकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी चौकट आली, तिच्यात दोन वर्षांचे ८८ श्रेयांक आहेत. त्यांत संशोधनपद्धतीला ४, प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४ आणि संशोधन प्रकल्पांना ४ व ६ श्रेयांक आहेत. कागदावर हे स्वागतार्ह आहे. पण ही चौकट सर्व विद्याशाखांना एकच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कारखाना सापडेल. संस्थिती आणि अमूर्त बीजगणित शिकणाऱ्याने कामाचे प्रशिक्षण कुठे घ्यावे? आणि पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती शिकवायची, तर ज्याने अजून एकही सिद्धता स्वतः रचलेली नाही त्याला कशाची पद्धत शिकवणार? गणितात पद्धत प्रश्नातून कळते, प्रश्नाआधी नाही.

दुसरी अडचण परीक्षेची. ‘प्रमेय लिहा व सिद्ध करा’ हा आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकांचा जुना साचा. त्यात पाठांतर तपासले जाते. मग हाच विद्यार्थी सीएसआयआर-नेटला बसतो. तेथे २०० पैकी ९५ गुण तिसऱ्या भागाला आहेत; एका प्रश्नाचे अनेक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच गुण मिळतात. प्रमेयातली एक अट काढली तर काय कोसळते, हे ज्याने कधी तपासले नाही तो येथे अडतो. मग कोचिंग क्लास. पदवी एका दिशेला आणि पात्रता दुसऱ्या दिशेला, हा खर्च शेवटी बीड-धाराशिवच्या शेतकरी घरावर पडतो. त्या घराने मुलीला दिलेली दोन वर्षे हेच तिचे भांडवल असते.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठवाड्यात उच्च गणित आधी उर्दूत होते, मग इंग्रजीत आले. मराठीत ते कधी नीट बसलेच नाही. परिभाषा कोश झाले, पण वर्गातले बोलणे त्यांच्यापर्यंत पोचले नाही. इंग्रजी सोडावी असे मी म्हणत नाही. सिद्धता इंग्रजीत लिहावी, पण ती का चालते हे मराठीत सांगता आले पाहिजे. जे आपल्या भाषेत सांगता येत नाही ते बहुधा समजलेलेच नसते.

चौथी गोष्ट संशोधनाची, आणि येथे परंपरेचीही चिकित्सा हवी. असमानता हे क्षेत्र जितके सुपीक तितकेच धोक्याचे. एका फलनाच्या जागी दुसरे घातले, एक समाकल वाढवला की ‘सामान्यीकरण’ तयार होते. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण मोजले जाऊ लागले आणि हा मोह वाढला. पाचपट्टे यांच्या टिपणामागे खरी गरज होती : जुने साधन ज्या समीकरणाला पुरत नव्हते, त्याला ते पुरवणे. गरज नसताना केलेला विस्तार ही परंपरेची सेवा नव्हे.

उपाय महागडे नाहीत. प्रकल्पाच्या श्रेयांकांत नव्या ‘शोधा’चा आग्रह सोडावा, त्याऐवजी एक जुना, छोटा, महत्त्वाचा निबंध ओळीओळीने वाचून त्यावर तोंडी परीक्षा द्यावी. १९७३ चे ते पाच पानी टिपण याला उत्तम. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत न पाहिलेल्या प्रश्नांना ठोस वाटा असावा. आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांनी मराठीत फळ्यापुढे उभे राहावे. आणि कामाच्या प्रशिक्षणासाठी शाळांकडे जावे. नववी-दहावीच्या मुलांना भूमितीतील सिद्धता पटवून देणे हे गणिताच्या पदवीधराचे खरेखुरे काम आहे.

दोन वर्षे थोडी नाहीत. तेवढ्याच काळात येथे एका माणसाने एका विषयाचे बी पेरले होते. मात्र त्याला आपण काय पेरतो आहोत हे ठाऊक होते.